घर दिसलं की सांडतं

“बाई, नवऱ्याला सांगा, घोडीवर बसायचंय, सरणावर नाही. तोंड जरा हसरं ठेवा म्हणावं,” बापूसाहेब सिसोदे मला म्हणाले.

“त्यांना ऐकू येतं,” मी म्हटलं. “वाचा गेलीय, कान जाग्यावर आहेत.”

बापूसाहेबांशी असं बोलायची पंचक्रोशीत कुणाची छाती नव्हती. माझी तरी कुठं होती? पण सकाळपासून माझं डोकं तापलेलं होतं. वरखेड्याचा दत्तजयंतीचा घोडेबाजार, तापीच्या वाळूत जिकडं बघावं तिकडं जनावरं आणि माणसं, आणि मध्ये दोर लावून आखलेल्या गोलात माझा नवरा डाव्या तळहातावर दुधाची वाटी घेऊन उभा. गळ्याला रुमाल बांधलेला. समोर शेवंती. ती घोडी ह्यांच्याकडं बघायला तयार नव्हती. मान वाकडी करून, डोळ्यांचं पांढरं दाखवत ती लगाम धरलेल्या दोन मोतद्दारांना फरफटत होती.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही, आता सत्तरी उलटली तरी नाही. लोकांच्या तोंडून येईलच, तेव्हा ऐका.

हे चाबुकस्वार होते, म्हणजे घोडी शिकवणारे. नावात चाबूक असला तरी ह्यांच्या हातात मी कधी तो बघितला नाही. दसरा झाला की घर सोडायचे, ते पाऊस तोंडावर आला की परत. या जत्रेतून त्या जत्रेत, ज्याचं घोडं हट्टी त्याच्या दारात. बरोबर सुलेमान पिंजारी. तोही चाबुकस्वारच. बापजाद्यांचा धंदा कापूस पिंजायचा, पण ह्याला लहानपणीच घोड्यांचं वेड लागलेलं. दोघं एका घोंगडीत झोपायचे, एका ताटात जेवायचे आणि सकाळी उठून एकमेकांच्या अन्नात माती कालवायचे. हे एखाद्या पाटलाकडं काम मागायला गेले की सुलेमान आधीच जाऊन सांगून आलेला असायचा की त्याचं घोडं दिसायला देखणं, पण चिखल बघितला की बसकण मारतं. हेही काही कमी नव्हते. सुलेमाननं शिकवलेल्या घोड्याला बसणाऱ्यापेक्षा चंदीच्या दाण्याची पिशवी जास्त कळते, असं ह्यांनी साऱ्या खानदेशात पसरवून ठेवलं होतं.

हे सगळं मला सुलेमानकडूनच कळायचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो ह्यांना न्यायला यायचा आणि ओसरीवर बसून अर्धा दिवस बडबडायचा. आमच्या घरात हे चार शब्द बोलले तर तो सण. आणि हा माणूस आला की त्यांचं बिऱ्हाड पाठीवर. मी सुलेमानला पाणी द्यायचे, पण कपाळाला आठी घालून. मला मूल नाही, सासू लवकर गेली, वर्षाचे आठ महिने मी, घर आणि ओढ्यापलीकडची विहीर. कुणाचा राग काढणार?

चाबुकस्वाराचं सगळं धन म्हणजे त्याचे बोल. शिकवताना जे शब्द तो घोड्याच्या कानात सांगतो, ते. प्रत्येकाचे वेगळे, आणि मरेपर्यंत गुपित. बापाचे बोल मुलानं घ्यावेत. दुसऱ्या कुणी घेतले तर ती चोरी, आणि चोरलेले बोल ज्याच्या तोंडून ऐकू आले त्याला त्या धंद्यात पुन्हा कुणी जवळ उभं करत नाही. ह्यांचे बोल काय होते, मला ठाऊक नव्हतं. बाईमाणसानं घोड्याच्या कामात नाक खुपसायचं नसतं, असं मला लग्नातच सांगितलेलं.

मग ह्यांच्या गळ्यात गाठ आली. तंबाखूची मेहेरबानी, दुसरं काय. मुंबईच्या दवाखान्यात गळा कापून आवाजाची पेटीच काढून टाकली आणि श्वासासाठी गळ्यावर भोक ठेवलं. माणूस वाचला, पण तोंडातून ना शब्द, ना शीळ, ना फुंकर. श्वास जोरात घेतला की त्या भोकातून फुस्स आवाज यायचा. मला त्याची सवय झाली. शेवंतीला झाली नाही. तिला तो सापाचा वाटायचा.

शेवंती बापूसाहेबांची. शिंगरू असल्यापासून ह्यांनी तिला शिकवलेली, नुसत्या बोलावर. तिची रेवाल चाल बघायला लोक गाड्या जुंपून यायचे. रेवाल म्हणजे घोडं झपाझपा जातं, पण पाठ हलत नाही. बसणाऱ्याच्या हातात काठोकाठ भरलेली वाटी द्यायची आणि फेरा मारायचा. थेंब सांडला नाही तर ती चाल खरी. ह्यांचा आवाज गेला आणि ती घोडी बिथरली. कुणालाही पाठीवर घेईना. एका मोतद्दाराचा हात तिनं मोडला. तेव्हा बापूसाहेबांनी निरोप धाडला. दत्तजयंतीला भर बाजारात रूपसिंगनं तिला रेवाल चालवून दाखवावी. वाट्या तीनच मिळतील. दाखवली तर घोडी राहील आणि रूपसिंगही पागेत कायमचा राहील, राहायला खोली, दोन वेळचं अन्न, मरेपर्यंत. नाही दाखवली तर घोडी वरातवाल्याला. लग्नाच्या वराती, कानाशी बँड, पायाशी फटाके. ज्या घोडीला आयुष्यात कुणी वरच्या आवाजात बोललेलं नाही, ती तिथं किती दिवस जगली असती?

आणि आमचं काय? मुका चाबुकस्वार कोण ठेवणार? घरची जमीन नाही. दवाखान्यापायी होतं नव्हतं ते गेलेलं. आमचंही सगळं त्या वाटीतच होतं.

म्हणून त्या वर्षी पहिल्यांदा मी घोडेबाजारात आले, ह्यांचं तोंड म्हणून. आणि आल्या आल्या बघितलं काय, तर बापूसाहेबांच्या खुर्चीमागं सुलेमान उभा. नवा फेटा, मिशीला काळं लावलेलं. रूपसिंग हरला तर पागेतली जागा सुलेमानला, असं बापूसाहेबांनी त्याला सांगून ठेवलेलं. ह्यांच्या आजारपणात तो एकदाच दवाखान्यात येऊन गेला होता. दोघांना भांडता येईना म्हणून दोघंही कावरेबावरे झालेले. घोड्यांच्या चार बातम्या सांगून तो उठला, तो पुन्हा फिरकला नाही. आता इथं नवा फेटा घालून उभा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ह्यांनी रिकिबीत पाय घातला. शेवंती थरथरली, पण जुना वास ओळखून उभी राहिली. हे वर बसले. मी पुढं होऊन वाटी हातात दिली, काठोकाठ. मोतद्दारांनी सोडलं. ह्यांनी टाच लावली, मांडी आवळली, मानेवर बोटं वाजवली. घोडी एक पाऊल गेली. मग ह्यांनी दम घेतला आणि गळ्यातून फुस्स झालं. तिनं कान पाडले आणि जागच्या जागी गिरकी घेतली. सगळं दूध ह्यांच्या धोतरावर. लोक हसले.

दुसरी वाटी भरली. ह्यांनी रुमाल घट्ट आवळला. श्वास कोंडून किती वेळ बसणार? चेहरा काळानिळा पडला, शेवटी हवा घ्यावीच लागली आणि घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. हे पडले नाहीत, पण मानेला मिठी मारून राहिले. ज्या माणसाला बघायला लोक लांबून यायचे, तो घोडीच्या मानेला लोंबकळत होता. वरातवाला दोरापाशी येऊन उभा राहिला होता. त्याच्या खांद्यावर टिकल्यांची झूल होती.

“आता शेवटची वाटी, रूपसिंग,” बापूसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनाही वाईटच वाटत असावं. “मग मात्र मला दोष देऊ नका.”

मी तिसरी वाटी दिली तेव्हा हे माझ्याकडं बघत नव्हते. वाटी देतानाच थोडं सांडलं, ते मी पदरानं पुसलं आणि वाटी पुन्हा भरली. मनात म्हटलं, दत्ता, आता तूच बोल रे बाबा.

आणि आवाज आला.

“भरली गं, काठोकाठ भरली. डोईवर घे.”

ह्यांचा आवाज. जाडाभरडा, थोडा नाकातला, शेवटचा शब्द गिळणारा. वर्ष झालं होतं तो ऐकून. मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. तोंड मिटलेलं होतं. माझ्या हातातली दुधाची चरवी खाली पडली आणि मला ते कळलंही नाही.

“मान ताठ. नजर पुढं. चल माझी बाय.”

गोलाच्या मधोमध सुलेमान उभा होता. नवा फेटा काढून त्यानं काखेत मारलेला. डोळे मिटलेले. तोंड त्याचं हलत होतं आणि आवाज माझ्या नवऱ्याचा येत होता.

सगळ्यात आधी कुणाला कळलं असेल तर ते ह्यांना. माझे बोल, ह्याच्या तोंडी. मानेच्या शिरा तटतटून फुगल्या. वाटी फेकून खाली उडी मारतात आणि त्याचा गळा धरतात की काय, असं मला वाटलं. ह्यांनी एक पाय रिकिबीतून काढलासुद्धा होता. पण तेवढ्यात त्यांच्या मांडीखाली घोडी बदलली. तिचे पाडलेले कान उभे राहिले. एक कान सुलेमानकडं वळला, दुसरा वर बसलेल्या ह्यांच्याकडं. तिनं मान उचलली, पाठ ताणली आणि निघाली. ह्यांनी पाय परत रिकिबीत घातला.

“चिंचेखालून हळू. मुळ्या आहेत.”

घोडीनं पावलं आखडली.

“ओढा आला. शेवाळ आहे गं, पाय सपाट टाक.”

आणि तिथून ती रेवालीत गेली. काय सांगू तुम्हाला. खाली चार पाय पाण्यासारखे वाहत होते आणि वर माझा नवरा भिंतीवरच्या तसबिरीसारखा स्थिर. तळहातावर वाटी, वाटीत दूध, दुधावर ऊन. थेंब हलेना. ह्यांच्या गळ्यातून फुस्स होत होतं, मला ऐकू येत होतं, पण घोडीला आता त्याचं काही नव्हतं. तिच्यासाठी पाठीवरचा माणूसच बोलत होता. हजारो माणसांच्या बाजारात नुसत्या टापा वाजत होत्या. हसणाऱ्यांची तोंडं उघडी ती उघडीच. मी लग्न होऊन पंचवीस वर्षं ह्या माणसाच्या भाकरी थापल्या, आणि हा माणूस काय आहे ते मला त्या दिवशी दिसलं.

सुलेमान डोळे मिटूनच होता. घोडी कुठं पोचली, हे कुठं वळणार, हात कधी सैल सोडणार, त्याला न बघता कळत होतं. ह्यांनी खांदा हलवायच्या आधी तो बोलायचा. सख्ख्या भावाला एवढा भाऊ कळत नसेल.

“बाभळी आल्या. काट्याकडं बघू नको, पुढं बघ.”

मी अजून आवाजातच अडकले होते. शब्दांकडं माझं लक्षच नव्हतं. बाभळी म्हटल्यावर मात्र काहीतरी टोचलं. चिंच, मग ओढा, ओढ्यात शेवाळ, मग बाभळी. ह्यानंतर चढण येणार, असं मनात आलं.

“चढण आली. दम धर. कमरेला हात देऊ नको, तोल जाईल.”

ती वाट माझी होती. विहिरीवरून घरापर्यंत, लग्न होऊन आल्यापासून रोज दोन घागरी डोक्यावर घेऊन मी ज्या वाटेनं चालत आले, ती. मूळ न् मूळ, दगड न् दगड. ओसरीवर बसून हा माणूस तंबाखू चोळायचा आणि मला वाटायचं, ह्याला बायको आहे हे तरी ह्याच्या ध्यानात आहे का. तो माझं चालणं शिकत होता. घोड्यांना शिकवायला.

“घर दिसलं गं. आता घाई नको. घर दिसलं की सांडतं.”

हे तर माझंच वाक्य. शेजारची नवी सून पहिल्यांदा पाण्याला आली, तेव्हा मी तिला सांगितलेलं. ह्यांनी कधी ऐकलं, कुणास ठाऊक. मी दोर धरून खाली बसले आणि लाजबीज सोडून रडले.

शेवंती माझ्यासमोर येऊन थांबली. ह्यांनी वाटी माझ्या हातात दिली. काठोकाठ होती.

मग ते खाली उतरले, सरळ गोलाच्या मध्ये गेले आणि सुलेमानच्या थोबाडीत हाणली. आवाज पार नदीपर्यंत गेला असेल. सुलेमान हलला नाही. गाल चोळत म्हणाला, “हक्क आहे तुझा.”

दोराभोवती उभे असलेले बाकीचे चाबुकस्वार, ज्यांच्याबरोबर त्यानं जन्म काढला होता, त्यांनी एकेकानं त्याच्याकडं पाठ फिरवली. कुणी शिवी दिली नाही, कुणी थुंकलं नाही. नुसती पाठ. सुलेमाननं ते बघितलं आणि काखेतला फेटा झटकून डोक्याला गुंडाळायला लागला. नीट बांधता येईना त्याला.

बापूसाहेब मात्र घोड्यांचे शौकीन. त्यांना चाबुकस्वारांच्या रीतीभातीशी काय देणंघेणं? ते खुर्चीतून उठून आले. म्हणाले, “आजवर असं बघितलं नाही. घोडी राहिली. पण रोज पागेत बोलणार कोण? आवाज तर सुलेमानकडं आहे. रूपसिंग, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. सुलेमान, जागा तुमची.”

हातातोंडाशी आलेला घास निसटला होता. सुलेमानला हवं ते सगळं आता समोर होतं. छप्पर, अन्न, आणि त्या दिवसानंतर त्याला दुसरीकडं कुठं काम मिळणार नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानं फेट्याचं टोक खोचलं. एकदा ह्यांच्याकडं बघितलं. आणि बापूसाहेबांकडं वळून ह्यांच्या आवाजात, ह्यांच्यासारखाच नाकातून म्हणाला, “बापूसाहेब, ह्या सुल्याच्या नादी लागू नका. चोर आहे तो. आत्ता सगळ्या बाजारानं बघितलं. पागेत चोर ठेवतं का कुणी?”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बाजारच्या बाजार हसायला लागला. ह्यांच्याकडं बघितलं तर खांदे गदगदा हलत होते, गळ्यातून फुस्स फुस्स चाललेलं. ते हसत होते की रडत होते, मला त्यांची बायको असून सांगता येत नाही.

“मग बोलणार कोण?” बापूसाहेबांनी पुन्हा विचारलं.

“मी,” मी म्हटलं.

पुन्हा हशा. बापूसाहेब हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, हे बोल तुम्हाला कुठून येतील? मी म्हटलं, ती वाट माझ्या पायाखालची आहे. सुलेमाननं चोरली असेल, ह्यांनी तर माझ्याच डोक्यावरून उचलली. आणि शेवंतीसमोर उभी राहून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं म्हणून दाखवलं, विहिरीच्या काठापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत. बाईचा आवाज ऐकून घोडी गोंधळली. पण चढणीचे शब्द आले तेव्हा तिनं एक कान माझ्याकडं वळवला. बापूसाहेबांनी तो कान बघितला.

आम्हाला पागेमागची खोली मिळाली. होळीपर्यंत सुलेमानही राहिला, पगार नाही, नुसतं जेवणावर. तो म्हणायचा, त्याच्यामागून मी म्हणायचे. हळूहळू त्यानं आवाज उतरवत नेला आणि मी चढवत नेला. मी चुकले की तो ह्यांच्या आवाजात मला झापायचा आणि हे पाठीवर बसल्या बसल्या मान डोलवायचे. माझ्या कपाळाची आठी कधी गेली, मला कळलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा वाढताना मी त्याला एकदा विचारलं, भाऊजी, चोरले कधी हो?

“पहिल्याच वर्षी. जत्रेत ह्याच्याकडून हरलो होतो ना,” तो म्हणाला. “गवताच्या गंजीत लपून ऐकले. एकदा माझ्या घोड्यावर म्हणून बघितले. घोडं असं चाललं, वहिनी, की काय सांगू.”

“मग वापरले का नाहीत?”

“वापरले असते तर जिंकला कोण असता? माझ्या घोड्यावर बसून हाच जिंकला असता.”

एका सकाळी मी एकटीच बोलले आणि शेवंतीनं फेरा पुरा केला. सुलेमान दाराशी उभा राहून बघत होता. फेरा संपला तसा तो आत जाऊन घोंगडी गुंडाळायला लागला. मी म्हटलं, होळीचा सण करून जा. त्यानं ऐकलं नाही. म्हणाला, दोन चाबुकस्वार एका पागेत राहिले तर घोडी बिघडतात. पुढं तो बऱ्हाणपुराकडं भावाच्या दुकानात कापूस पिंजायला बसला, असं कानावर आलं. घोड्याच्या बाजारात तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

निघताना फाटकापाशी ह्यांनी त्याची बाही धरली. त्याच्या ओठांकडं बोट केलं, मग माझ्याकडं. सुलेमाननं मान हलवली. “नको रे रूपा. एवढी चोरी नको.” ह्यांनी बाही सोडली नाही. पुन्हा तेच, ओठांकडं बोट, माझ्याकडं बोट. मोतद्दार काम टाकून बघत उभे राहिले. मला काही कळेना. मी विचारलं, काय म्हणताहेत हे?

“तुमचं नाव घ्यायचंय म्हणतो,” सुलेमान म्हणाला. “कधी घेतलं नाही म्हणतो.”

खरंच होतं ते. अगं, ऐकलंस का, कुठं गेलीस, एवढ्यावर आमचा संसार झालेला. आमच्यात नाव घेत नाहीत. बायको तर नाहीच, नवराही चारचौघांत घेत नाही.

सुलेमाननं घोंगडी खांद्यावर टाकली आणि रस्त्याकडं तोंड केलं, मला पाठमोरा झाला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

“देवकोर.”

हाक सुलेमानभाऊच्या तोंडून आली. ओ मी ह्यांच्याकडं बघून दिली.